तक्त्यात न मावलेला पाऊस

माझ्या हातून आजवर सात ज्वालामुखी झाले. सातही मुलांच्या नावावर आहेत. शाडू मी कालवायचा, लाल रंग मी मिसळायचा, खायचा सोडा आणि व्हिनेगर मी बाजारातून आणायचं, आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तक्त्याशेजारी ताठ उभं राहून 'आदरणीय परीक्षक महोदय' म्हणायचं मुलांनी. एका साली तर ज्वालामुखी मोटरसायकलवर, माझ्या आणि मागं बसलेल्या पोराच्या मधे धरून नेला. खड्ड्यात गाडी आदळली आणि सोड्याची नि व्हिनेगरची भेट वेळेआधीच झाली. त्या दिवशी मी लाल पँटवर प्रदर्शनाचं उद्घाटन बघितलं, पाठ भिंतीला लावून.

हे काही मी एकटा करत नाही. परीक्षकही शिक्षकच असतात, त्यांनीही आपल्या शाळेत असलाच डोंगर उभा केलेला असतो. त्यामुळं कोण कुणाला विचारणार?

आमची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. मी राहतो वडवणीला, रोज गाडीवर जाऊन येऊन. विज्ञान माझ्याकडं, गणित माझ्याकडं, आणि मुख्याध्यापकांची बदली झाल्यापासून त्यांची खुर्चीही माझ्याकडं. म्हणजे खिचडीचा फोटो, हात धुतल्याचा फोटो, झाड लावल्याचा फोटो आणि तेच झाड अजून जिवंत असल्याचा फोटो. आपण शिकवतोय याचा पुरावा पाठवता पाठवता शिकवायचं राहून जातं. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. तक्रार करायलाही अंगात थोडा जोर लागतो.

तर गेल्या उन्हाळ्यात वरून निरोप आला की प्रत्येक शाळेनं पुढचा हंगामभर एक निरीक्षण प्रकल्प करायचा. मुलांनी स्वतः मोजायचं, स्वतः नोंदवायचं, आणि शेवटी प्रदर्शनात मांडायचं. इतर शाळांनी पक्षी घेतले, फुलपाखरं घेतली. मी पाऊस घेतला. त्यामागं माझा साधा हिशेब होता: आमच्याकडं पाऊस कमी, म्हणजे नोंदी कमी.

दोन लिटरची थंड पेयाची बाटली आणली. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून बाटलीच्या तोंडात बसवला, की झालं नरसाळं. बुडाला खडे भरून, सिमेंट ओतून तळ सपाट केला. बाहेरून पट्टी चिकटवली. झाला पर्जन्यमापक. मोडक्या बाकाचा लोखंडी सांगाडा मैदानात पुरून त्यावर बाटली बांधली. पहिली बाटली आठवड्यात शेळीनं पाडली. दुसरीभोवती बाभळीच्या काट्या लावल्या. मग एके दिवशी आभाळ कोरं करकरीत असताना बाटलीत सात मिलिमीटर पाणी निघालं. चौकशी केली तेव्हा कळलं, चौथीतल्या एकानं खिचडी खाऊन तिथंच चूळ भरली होती. तोवर मी सात मिलिमीटर वर कळवून मोकळा झालो होतो. वरून अभिनंदनाचा अंगठा आला.

बाटलीला खरं वळण लावलं ते सातवीतल्या एका मुलीनं. ती ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची, मेंढरंवाल्याच्या घरची. बाप मेंढरं घेऊन दिवस उगवायलाच निघायचा, त्याच्याबरोबर ती रस्त्यापर्यंत यायची आणि शाळा उघडायच्या कितीतरी आधी येऊन पायरीवर बसायची. नोंदींचं काम मी तिला दिलं कारण ती लवकर यायची. तिच्यात काही विशेष दिसलं म्हणून दिलं असं सांगायला मला आवडलं असतं.

दुसऱ्याच दिवशी तिनं विचारलं, "सर, रविवारचा पाऊस कोण मोजणार?"

रविवारी पाऊस पडला तर काय, याचा मी विचारच केला नव्हता. माझ्या मनात पावसालाही सुट्टी होती.

"रविवारचा सोमवारी मोजायचा," मी म्हणालो.

"मग दोन दिवसाचा एक होतोय की."

"मग तूच सांग."

"मी येत जाईन. मला काय, रस्त्यातच हाय."

रस्त्यात काही नव्हतं. अर्ध्या तासाची वाट होती. पण ती येत गेली. रोज सकाळी साडेआठला, डोळा पाण्याच्या रेषेत आणून आकडा वाचायचा, रजिस्टरात लिहायचा, बाटली पालथी करायची, परत बसवायची. पाणी नसलं की शून्य. मी शिकवलेलं इतकं तंतोतंत कुणी करताना बघायची मला सवय नव्हती, त्यामुळं थोडं अवघडल्यासारखं व्हायचं.

आता तक्त्याचं सांगतो, कारण खरा गुन्हा तिथं घडलाय. प्रदर्शन सप्टेंबरच्या शेवटी होतं. शेवटच्या दिवसापर्यंत थांबलो तर रात्रभर जागावं लागणार, हे सात ज्वालामुखींनी मला शिकवलं होतं. म्हणून मी ऑगस्टातच मोठा पांढरा तक्ता आणला आणि आलेख आखून टाकला. आडव्या रेषेवर तारखा, उभ्या रेषेवर मिलिमीटर, शून्यापासून पन्नासपर्यंत. पन्नासच्या वर कागद संपत होता, आणि त्याच्या वर मी स्केचपेननं मोठं शीर्षक काढलं होतं: 'आमचा पाऊस, आमची नोंद'. अक्षरांना सावली दिली होती. एकेका अक्षराच्या सावलीला पंधरा पंधरा मिनिटं गेली होती. पुढच्या तारखांचे स्तंभ तेवढे रंगवायचे बाकी होते.

सप्टेंबरातला एक सोमवार. मी गाडीवर निघालो तेव्हा वडवणीत रात्री थोडं भुरभुरलं होतं इतकंच. गावाजवळ दोन ठिकाणी चिखलात गाडी ढकलावी लागली. ते मी रस्त्याच्या खात्यात टाकलं. वर्गात निम्मी मुलं नव्हती. ते मी सोमवारच्या खात्यात टाकलं. खुर्चीत टेकतोय तोच ती रजिस्टर घेऊन आली. रविवार रात्रीचा पाऊस: सत्त्याऐंशी.

मी आकड्याकडं बघितलं. मग तिच्याकडं. मग भिंतीला टेकवलेल्या तक्त्याकडं, हे आज कबूल करतो.

"सत्त्याऐंशी काय गं? बादली ओतली का कुणी?"

"न्हाई सर. रात्री लई पडला. ओढा गच भरलाय, लांबच्या पुलावरनं आले."

"पाणी कुठंय? दाखव."

"ओतलं की. वाचायचं, लिवायचं, ओतायचं. तुमीच सांगितलंय."

मी मोबाइल काढला. महसूल मंडळाच्या पावसाचे आकडे रोज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरत येतात. मंडळाचं सरकारी यंत्र आमच्यापासून दहा-अकरा किलोमीटरवर, दुसऱ्या गावात. तिथला आकडा होता तेवीस.

"हे बघ. सरकारचं यंत्र तेवीस म्हणतंय. तू वरून वाकून वाचलं असशील. डोळा वर राहिला की आकडा चुकतो, सांगितलं होतं ना?"

"मी गुडघ्यावर बसले हुते, सर."

तिच्या सलवारीला दोन्ही गुडघ्यांवर चिखलाचे गोल होते. मी ते बघितले. बघूनही म्हणालो, "घाईत होतं असं. जा, वर्गात बस."

ती गेली. मी टेबलाच्या खणातून व्हाइटनर काढलं, सत्त्याऐंशीवर फिरवलं, फुंकर मारली आणि वाळल्यावर त्याच्यावर सुबक अक्षरात तेवीस लिहिलं. तक्त्यावर तेवीसचा स्तंभ निळ्या रंगात रंगवला. शीर्षकाच्या सावलीला धक्का लागला नाही. त्या दिवशी मला मुलीवर शंका होती हे खरं. पण चुळेच्या सात मिलिमीटरवर मी कधी शंका घेतली नव्हती, कारण ते कागदात मावत होते.

मंगळवारी कळलं. पाऊस ओढ्याच्या अल्याडपल्याड तीन-चार गावांवरच पडला होता, पण दोनेक तासात फोडून काढल्यासारखा. काढणीला आलेलं सोयाबीन शेंगेपर्यंत पाण्यात उभं होतं. बांध फुटले होते. वस्तीवरच्या लोकांनी मेंढरं उचलून माळावर नेली, त्यातली काही गेलीच. गावानं अर्ज दिला, पंचनामे करा म्हणून. कचेरीत सांगितलं गेलं की एका दिवसात पासष्टच्या वर पडला तरच अतिवृष्टी, आणि तुमच्या मंडळात तेवीस आहे. मंडळात तेवीस म्हणजे मंडळातल्या प्रत्येक गावात तेवीस. तुमच्या गावात वेगळा कसा पडेल?

गुरुवारी दुपारी शाळेसमोर दोन गाड्या थांबल्या. एकीतून सरपंच उतरले. ते गावातले मोठे बागायतदार, शाळा समितीवरही त्यांचंच वजन. दुसऱ्या गाडीवरून तरुण तलाठी उतरला. मागं पायी आलेले दहा-पंधरा शेतकरी. सगळ्यात मागं, पायरीच्या खाली, त्या मुलीचा बाप. मेंढरं कुणावर तरी सोपवून आला होता.

"गुरुजी," सरपंच खुर्ची ओढून बसत म्हणाले, "तुमची ती बाटली हाय ना? ती आज गावाच्या कामाची हाय."

"बाटलीचं काय?"

"पोरं रोज पाऊस मोजतेत, लिवून ठेवतेत. सायेबांना दाखवा. यंत्र तिकडं अकरा किलोमीटरवर, त्याला आमचा पाऊस कसा दिसल?"

तलाठी हसला. "सरपंच, बाटलीवर आदेश निघत नाही, हे मी आधीच सांगितलंय. पण शाळेची रोजची नोंद असंल तर अहवालाला जोडतो. वर कुणाला वाटलं तर फेरपाहणी लावतील. दाखवा सर."

बारीक खिडकी होती, पण होती. आणि ती माझ्या रजिस्टरातल्या व्हाइटनरखाली होती.

मी म्हणालो, "रजिस्टर बघतो कुठंय," आणि जे रजिस्टर समोरच टेबलावर होतं ते शोधायला कपाट उघडलं. कपाटात दोन ज्वालामुखी होते. त्यांच्याकडं मी जरा वेळ बघत राहिलो.

"हे काय, इथंच हाय की," सरपंचांनी रजिस्टर उचललंसुद्धा. पान उलटलं, बोट फिरवलं, थांबवलं. "तेवीस?"

"तेवीस?" मागून कुणीतरी ओरडलं. "आरं, तेवीसात बांध फुटतेत का?"

"गुरुजी, तुमची बाटली बी कचेरीचीच निघाली का?"

"मोबाइलात बघून लिवलं असंल बे. दुसरं काय."

जे बोलला त्याला बहुतेक सहज सुचलं होतं. इतकं नेमकं माझ्याबद्दल आजवर कुणी बोललेलं नाही.

पायरीखालून मेंढरंवाला बोलला. आवाज चढवला नाही त्यानं. "आमची पोरगी मोजती ते. तिनं त्या दिवशी घरी सत्त्याऐंशी सांगितलं. पाणी बाभळीच्या फांद्या फुटतेत त्या दुबेळक्यात आलतं, सायेब. मी रानात वाढलो, तेवढं पाणी मी बघितलेलं न्हाई."

"बोलवा पोरीला," सरपंच म्हणाले.

ती आली. सातवीचा वर्ग शेजारीच, तिनं सगळं ऐकलेलं असणार. सरपंचांनी रजिस्टर तिच्यापुढं धरलं. "बाळा, घरी सत्त्याऐंशी सांगितलं आन् इथं तेवीस कावून लिवलं?"

तिनं पानाकडं बघितलं. अक्षर तिचं नव्हतं, ते तिला दिसलं. पांढरा थर दिसला. मग तिनं माझ्याकडं एकदाच बघितलं, आणि खाली बघत म्हणाली, "माझं चुकलं असंल."

बापाची मान खाली गेली. मागं कुणीतरी हसलं. "जाऊ द्या, पोरगी हाय. पोरासोरांचं काय धरता."

गप्प बसलो असतो तर सगळं तिथंच संपलं असतं. तलाठी निघालाच होता, त्याला अजून दोन गावं करायची होती. सरपंच नाराज होऊन गेले असते, आठवड्यात विसरले असते. मी दमलेला माणूस आहे, आणि दमलेल्या माणसाला गप्प बसणं फार सोयीचं पडतं. बोलायचं ठरवलं असंही नाही. तोंडातून निघालं.

"तिचं नाही चुकलं. मी खोडलं."

"काय खोडलं?"

"तिनं सत्त्याऐंशीच लिहिलं होतं. मी व्हाइटनर लावून तेवीस केलं."

मी रजिस्टर घेऊन अंगठ्याच्या नखानं तो पांढरा थर खरवडायला लागलो. वाटलं, खालचा सत्त्याऐंशी उजळून निघेल आणि सगळ्यांना दिसेल. व्हाइटनर निघालं, त्याच्याबरोबर माझा तेवीस निघाला, आणि कागदाचा पापुद्राही निघाला. आठाचं पोट आणि साताची शेपटी कुठंतरी अंधुक दिसत होती, बाकी भोक.

तलाठ्यानं ते पान उजेडाकडं धरलं. भोकातून त्याचा डोळा दिसला. "सर, तुम्ही हे काय केलं? थर तसाच ठेवला असता तर दोन आकडे होते. आता एकही नाही."

"मी लेखी देतो. ती बरोबर होती असं."

"काय देणार? 'मी खोटी नोंद केली होती, आता खरी सांगतो' असं? हे अहवालाला लावलं तर फेरपाहणी तुमचीच होईल."

"पण कावून खोडलं, गुरुजी?" सरपंचांचा आवाज आता मऊ होता, आणि तो जास्त लागला. "कुणी सांगितलं हुतं का?"

कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. मी भिंतीकडं हात केला. "तक्ता पन्नासपर्यंतच होता."

सगळे तक्त्याकडं बघायला लागले. निळे, एकसारख्या रुंदीचे स्तंभ. वर सावलीची अक्षरं. मग एक म्हातारा शेतकरी, ज्याला आलेख वाचता येत नसावा, म्हणाला, "काढलंय मातर देखणं."

सरपंच उठले. "बाटली खरी निघाली. मास्तरच गळका निघाला." लोक हसले, पण ते हसणं लांबलं नाही. तलाठी मेंढरंवाल्याला म्हणाला, "ती बाभळ कुठंय? चला, तेवढा फोटो तरी घेतो." दोघं ओढ्याकडं गेले. त्या फोटोचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. हे लिहीपर्यंत तरी गावात पाहणीला कुणी आलेलं नाही, आणि लोक मला त्याबद्दल विचारत नाहीत. विचारतील तर बरं, असं वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत लवकर यायची, पायरीवर बसायची, पण बाटलीकडं जायची नाही. मी ते काम दोन पोरांना दिलं. त्यांनी पहिल्या दिवशी चार लिहिलं, दुसऱ्या दिवशीही चार, तिसऱ्या दिवशीही चार. बघितलं तर बाटली कुणी ओतलीच नव्हती. प्रदर्शनाला आम्ही गेलो नाही. आजारपणाचं कारण कळवलं. कुणाचं ते लिहिलं नाही.

पाचव्या दिवशी मी तिच्याजवळ पायरीवर जाऊन बसलो. काय बोलायचं ते गाडीवर तीनदा घोकलं होतं आणि तिन्ही वेळा भाषण झालं होतं. म्हणून इतकंच म्हणालो, "बाटलीचं परत तू बघतीस का?"

ती खडूच्या तुकड्यानं पायरीवर रेघा ओढत होती. "रजिस्टर कुणाजवळ राहणार?"

"कार्यालयात. शाळेचंच आहे ते."

"मग नको."

"मग?"

"माझ्या दप्तरात राहील. तुमाला आकडा लागला तर मला इचारायचं. तुमी लिवायचं न्हाई."

"बरं."

"आन् सर, 'माझं चुकलं' हे मी तुमच्यासाठी म्हणलं नव्हतं. अण्णा समोर हुते. माझ्यापायी तुमाला कुणी काय बोललं तर अण्णा मला शाळेतून काढतेल असं वाटलं."

अण्णा म्हणजे तिचा बाप. मी त्या वाक्यात स्वतःसाठी थोडी माया शोधून ठेवली होती, चार रात्री त्यावर काढल्या होत्या. तीही गेली.

मी नवीन रजिस्टर आणून दिलं. तिनं त्याला प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि पहिल्या पानावर, पहिल्या ओळीवर, त्या सोमवारची तारीख घालून सत्त्याऐंशी लिहिलं.

परवा केंद्रप्रमुखांचा फोन आला. आमच्यासारख्या दहा-बारा शाळा त्यांच्याकडं, आणि तेही माझ्याइतकेच दमलेले. "सर, निरीक्षण प्रकल्पाची महिन्याची माहिती आज दुपारी बारापर्यंत भरा. सगळ्यांची आली, तुमचीच राहिली."

"रजिस्टर मुलीजवळ आहे. ती आज आली नाही." तिचा बाप मेंढरं घेऊन लांबच्या रानात गेला होता, वस्तीवर लक्ष ठेवायला ती थांबली होती. पोरांनी सांगितलं.

"मग टाका की अंदाजानं. आता कुठं पाऊस आहे? शून्य, शून्य, शून्य. झालं."

शून्यच असणार होतं. महिनाभर आभाळात एक ढग नव्हता, ते मलाही दिसत होतं. मी रकाने उघडले. तीस रकाने, तीस शून्यं, दोन मिनिटांचं काम. पहिल्या रकान्यावर बोट ठेवून बसलो. शाळेत इतक्या वर्षांत मी कुठलाही रकाना रिकामा सोडलेला नाही. मग शेऱ्याच्या जागी लिहिलं: 'माहिती उपलब्ध नाही.' आणि पाठवून दिलं.

संध्याकाळी खुलासा मागवल्याचा निरोप आला. तीन दिवसांत लेखी द्यायचाय. उद्या ती आली की तिलाच विचारणार आहे, काय लिहू म्हणून.